बागेत पुन्हा पुन्हा पडणारे खड्डे : उकरणारा प्राणी ओळखायचा कसा?

बोरिवली पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीपासून फार लांब नसलेल्या आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारात साधारण दोन गुंठ्यांची बाग आहे. नारळाची सहा झाडे, एक आंबा, कढीपत्ता, जास्वंदीचे कुंपण, हळद आणि अळूचे वाफे आणि मधोमध थोडी हिरवळ, एवढाच तिचा पसारा. या बागेत सलग तीन वर्षे मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा गणपतीच्या सुमारास खड्डे पडत असत. ते बुजवले की आठवड्याभरात दुसरीकडे नवे दिसत. बागेची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे प्रत्येकाचे निदान मला ऐकून घ्यावे लागे. रखवालदाराच्या मते ते रानडुकराचे काम होते, तळमजल्यावरच्या काकूंच्या मते मुंगसाचे, माळीकाकांच्या मते घुशीचे, आणि समितीच्या सभेत एका सभासदाने तर बिबट्याचे नाव घेतले. (बिबट्या हळदीचा वाफा उकरत नाही, एवढे इतिवृत्तात नोंदवून घ्यावे लागले.) शेवटी असे निघाले की काकूही बरोबर होत्या आणि माळीकाकाही, आमच्या बागेत एक नव्हे, तीन वेगवेगळे उकरणारे होते, आणि आम्ही तिघांवर एकच उपाय करत असल्यामुळे तो कोणालाच लागू पडत नव्हता.

खड्डा दिसला की तो कोणी केला, असे आपण विचारतो. त्याआधी तो कशासाठी केला आहे, हे पाहिले तर निम्मे काम होते. प्राणी माती उकरतो तो मुख्यतः राहण्यासाठी, खाणे शोधण्यासाठी, उन्हाळ्यात अंग गार करण्यासाठी किंवा, मांजरासारखा असेल तर, विष्ठा झाकण्यासाठी. राहण्यासाठी केलेले ते बीळ : त्याला छत असते, ते तिरके आत जाते, त्याचा तळ दिसत नाही आणि आतून काढलेली माती तोंडाशी ढिगासारखी साचलेली असते. खाण्यासाठी केलेला खड्डा उघडा असतो, त्याचा तळ सहज दिसतो आणि माती बहुधा एकाच बाजूला किंवा चहूकडे फेकलेली असते. बसण्यासाठी केलेला खड्डा लांबट, उथळ आणि तळाशी गुळगुळीत असतो. या तिन्ही गोष्टींना सरसकट ‘खड्डे’ म्हटल्यामुळेच आमची पहिली दोन वर्षे वाया गेली.

आणखी एक प्रकार आहे, ज्याचा कोणत्याही प्राण्याशी संबंध नसतो. जमिनीत भोक पडले आहे, परंतु बाहेर काढलेल्या मातीचा मागमूस नाही, कडा आतल्या बाजूला ढासळलेल्या आहेत आणि भराव टाकला की तो काही दिवसांत खाली बसतो, असे दिसल्यास प्राणी शोधत बसू नये. जमिनीखालची सांडपाण्याची वाहिनी फुटलेली असते आणि माती तिच्यातून वाहून जात असते, किंवा कापलेल्या झाडाचे जुने मूळ कुजून तेथे पोकळी तयार झालेली असते. आमच्याकडच्या अशा एका भोकाचा उलगडा आम्ही रंगपंचमीचा उरलेला रंग पाण्यात कालवून वरच्या मजल्यावरच्या मोरीत ओतला तेव्हा झाला; दहा मिनिटांत भोकाच्या तळाशी गुलाबी पाणी आले. हे भोक प्राण्याने केलेले नव्हते हे खरे, पण पुढे दिसेल त्याप्रमाणे प्राण्यांच्या प्रश्नाशी त्याचा अगदी जवळचा संबंध निघाला.

ओळख पटवण्यासाठी तीन दिवस बागेत काहीही बुजवू नये, पाणी कमी घालावे आणि पुढील पद्धतीने नोंद ठेवावी. प्रथम कागदावर बागेचा ढोबळ आराखडा काढून प्रत्येक खड्ड्याला क्रमांक द्यावा. तोंडाचा आकार मोजण्यासाठी पट्टी नसली तरी चालते. आत लिंबू जाईल, मोसंबी जाईल, सोललेला नारळ जाईल की घागर जाईल, एवढे लिहिले तरी पुरे. संध्याकाळी प्रत्येक बिळाच्या तोंडात वर्तमानपत्राचा बोळा हलक्या हाताने बसवावा आणि भोवती हातभर रुंदीची रांगोळी चाळणीने पातळ भुरभुरावी. रांगोळीऐवजी पीठ वापरण्याचा मोह टाळावा, कारण पीठ खायला मुंग्या आणि उंदीर येतात आणि माग पुसला जातो. पावसाळ्यात रांगोळी टिकत नाही. तेव्हा तोंडाभोवतीची ओली माती थापीने सपाट करून ठेवली की तीच पाटीचे काम करते.

पाहणी सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला अशी दिवसातून दोनदा करावी. यातले दोनदा हे महत्त्वाचे आहे, कारण रात्री उकरणारा आणि दिवसा उकरणारा यांची फारकत येथेच होते. बोळा बाहेर ढकललेला असेल तर राहणारा आत आहे. आत ओढलेला किंवा कुरतडलेला असेल तर कोणी बाहेरून आत गेले आहे. तीन रात्री बोळा जागचा हलला नाही, किंवा तोंडावर कोळ्याचे अखंड जाळे आणि सुका पाला आहे, तर ते बीळ सोडून दिलेले आहे. संस्थेचा सीसीटीव्ही कॅमेरा यासाठी फारसा उपयोगी पडत नाही, कारण तो उंचावर असतो आणि फाटकाकडे तोंड करून बसलेला असतो. आम्ही एक जुना कॅमेरा गुडघाभर उंचीवर वाफ्याकडे वळवून बसवला तेव्हाच त्यात काही दिसले. राष्ट्रीय उद्यान किंवा आरेच्या कडेला राहणाऱ्यांनी ही पाहणी अंधारात एकट्याने करू नये, दोघांनी बॅटरी घेऊन आणि बोलत जावे.

आता एकेक प्राणी पाहू, आणि सर्वांत अधिक जागा घुशीला देऊ, कारण मुंबईतल्या बागांत खरी बिळे आढळली तर ती बहुतेक वेळा तिचीच असतात.

इंग्रजीत घुशीला जो बँडिकूट शब्द आहे, तो तेलुगूतील ‘पंदिकोक्कु’ म्हणजे ‘डुक्कर-उंदीर’ या शब्दावरून गेलेला आहे, आणि चिडल्यावर अंगावरचे राठ केस फुलवून ती जो घुरघुराट करते तो ऐकला की हे नाव कसे पडले ते समजते. आपल्याकडे तिच्या दोन जाती दिसतात. लहान घूस उंदरापेक्षा थोडी दांडगी असते, तर मोठी घूस किलोभर वजनापर्यंत वाढते. लहान घुशीच्या बिळात मोसंबी जाईल आणि मोठीच्या बिळात सोललेला नारळ जाईल, असे ढोबळ माप मी धरतो. तोंडाशी भुसभुशीत मातीचा चांगला ढीग असतो. सर्वांत पक्की खूण अशी की घूस दिवसा आत असताना बिळाचे तोंड आतूनच मातीने लिंपून घेते. त्यामुळे सकाळी ढीग दिसतो पण भोक दिसत नाही, आणि नवखा माणूस तो ढीग पायाने सारखा करून निघून जातो. एका बिळाला अनेक तोंडे असतात, त्यांतील एखादे संकटकाळी पळण्यासाठी मातीच्या पातळ थराखाली दडवलेले असते, आणि आत दाणागोटा साठवण्याची स्वतंत्र जागा असते. म्हणून एका तोंडात पाणी ओतले आणि ते दूरच्या दुसऱ्या वाफ्यात वर आले, तर आश्चर्य वाटू नये.

रांगोळीत घुशीच्या पुढच्या पायाची चार बोटे आणि मागच्याची पाच बोटे उमटतात आणि अनेकदा मधून शेपटीची रेघ जाते. लेंड्या काळपट, लांबट आणि रोजच्या वाटेवर विखुरलेल्या असतात. भिंतीच्या कडेने एक गुळगुळीत पायवाट पडलेली असते, कारण घूस मोकळ्या जागेतून जाण्यापेक्षा भिंतीला अंग घासत जाणे पसंत करते. ती हळदीचे आणि अळूचे गड्डे खालून पोखरते; झाड वरून सुकते आणि उपटले की सहज हातात येते, खाली मूळ उरलेलेच नसते. कंपाउंडच्या भिंतीचा पाया आणि पेव्हर ब्लॉकखालची वाळू हीसुद्धा तिच्या आवडीची जागा आहे. पावसाळ्याआधी एखादा पेव्हर ब्लॉक पायाखाली डळमळू लागला, तर बागेइतकेच तेथेही पाहावे.

आमच्या अकरा बिळांपैकी सात घुशीची निघाली, आणि आराखड्यावर क्रमांक घातल्यावर जे तीन वर्षे डोळ्यांना दिसले नव्हते ते दिसले : ती सातही बिळे गटाराच्या एका चेंबरपासून आठ-दहा पावलांच्या आत होती. गुलाबी पाणी आले ते याच चेंबरच्या फुटलेल्या वाहिनीतून. घुशी बागेत राहत होत्या खऱ्या, परंतु त्यांचा रस्ता गटारातून होता आणि जेवण चेंबरशेजारी होते, जेथे रोज सकाळी एक सभासद कबुतरांना ज्वारी आणि चणे घालत असत. बिळे बुजवली की घुशी दोन हात सरकून पुन्हा उकरत, कारण रस्ताही तोच होता आणि जेवणही तेथेच होते.

मुंगसाचे प्रकरण अगदी वेगळे आहे. मुंगूस आपल्या बागेत बहुधा राहत नाही, ते जेवायला येते. त्याचे खड्डे वाटीएवढे, निमुळते आणि उथळ असतात, एखाद्या ओळीत किंवा गटात वीस-पंचवीस दिसतात, आणि त्यांतल्या एकालाही बोगदा नसतो. ते दिवसा फिरते, त्यामुळे सकाळच्या पाहणीत न दिसलेला खड्डा संध्याकाळी दिसला तर संशयित म्हणून मुंगसालाच पहिला क्रमांक द्यावा. रांगोळीत पाच बोटे आणि त्यांच्यापुढे लांब नखांचे ठिपके स्वच्छ उमटतात. मांजराच्या ठशात चारच बोटे असतात आणि नखे दिसत नाहीत, हा फरक लक्षात ठेवावा. मुंगूस दिसले की शुभ मानण्याची आपल्याकडे रीत आहे. माळ्यानेही ते शुभ मानावे, कारण ते जे शोधत असते ते बागेच्या दृष्टीने अधिक वाईट असते.

ते काय शोधते, हे पाहण्यासाठी खड्ड्याशेजारची फूटभर लांब-रुंद हिरवळ खुरप्याने वीतभर खोल उचलावी. तेथे पांढऱ्या, जाड, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या सापडल्या तर ती हुमणी आहे. उसाच्या शेतकऱ्यांना ती चांगली ठाऊक असते. पहिला वळवाचा किंवा मोसमी पाऊस पडला की तिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर येतात, कडुनिंब, बोर, बाभूळ अशा झाडांची पाने खातात आणि मातीत अंडी घालतात. त्यातून निघालेल्या अळ्या पावसाळाभर मुळे खात मोठ्या होतात. गणपतीच्या सुमारास आमच्या हिरवळीत खड्डे का पडत, याचे उत्तर येथे होते. अंगठ्याएवढ्या जाड अळ्या शेणखताच्या किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात सापडल्या तर त्या बहुधा गेंडा भुंग्याच्या असतात. हा भुंगा नारळाचा कोवळा कोंब पोखरतो आणि नंतर उलगडलेल्या झावळीवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी तुकडे गेलेले दिसतात. म्हणजे ओल्या कचऱ्याचे कंपोस्ट करणाऱ्या प्रत्येक संस्थेने नारळाखाली अर्धवट कुजलेले खत पसरण्यापूर्वी ते चाळून घेतले पाहिजे. सापडलेल्या अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात आणि खतात मेटारायझियम या बुरशीचे कल्चर मिसळावे. कृषी सेवा केंद्रांत ते मिळते आणि हुमणी व गेंडा भुंगा या दोन्हींच्या अळ्यांवर चालते. अळ्या कमी झाल्या की मुंगसाचे खड्डे आपोआप कमी होतात. मुंगसाला हुसकावण्यासाठी याहून वेगळे काहीही करण्याची आवश्यकता नसते.

आमचा तिसरा उकरणारा कोणी वन्य प्राणी नसून संस्थेचाच ‘राजा’ नावाचा कुत्रा होता, हे लिहिताना थोडे संकोचल्यासारखे होते, कारण रखवालदाराने ज्याला रानडुकराचे काम म्हटले होते ते त्याचेच होते. एप्रिल-मेमध्ये सगळे आवार तापलेले असताना रोज पाणी मिळणारा वाफा हीच एक गार जागा असते, आणि कुत्रा तेथे कमरेएवढा लांबट खड्डा करून पोट टेकून झोपतो. तळाशी केस सापडतात आणि माती मागच्या बाजूला लांब फेकलेली असते. कढीपत्त्याच्या आळ्यातील खड्डा मात्र गारव्यासाठी नव्हता. मुंबईत मासळी धुतलेले पाणी आणि कोळंबीची साले कढीपत्त्याला, मोगऱ्याला घालण्याची पद्धत घरोघरी आहे आणि झाडांना ते मानवते, याबद्दल माझा वाद नाही. परंतु साले वरवर पुरली की त्या वासाने कुत्रे, मांजरे आणि घुशी या सर्वांना एकाच रात्री आमंत्रण जाते. हाडांच्या खताचेही तसेच आहे. साले घालायचीच असतील तर आधी कंपोस्टमध्ये पूर्ण कुजवून मग घालावीत. राजासाठी आम्ही पाण्याच्या टाकीमागे सावलीत वाळूचा एक कोपरा करून दिला आणि तो रोज शिंपडतो. वाफ्यावर काटेरी बोरीच्या फांद्या आडव्या ठेवल्या त्या महिनाभर पुरल्या.

बाकीच्या संशयितांपैकी बहुतेकांचा निकाल चटकन लागतो. चिचुंद्री स्वतः मोठे बीळ क्वचितच खणते. लिंबाएवढे भोक, उग्र वास आणि रात्री भिंतीकडेने येणारी चुकचुक एवढ्यावरून ती ओळखू येते. ती उंदीर नाही, झुरळे आणि किडे खाणारा प्राणी आहे, तेव्हा तिला बागेतून घालवण्याचे कारण नाही. मांजर माती उकरून पुन्हा लोटते, आणि खाली काय आहे ते नाकालाच समजते. आडोशाच्या कोरड्या धुळीत नरसाळ्यासारखे चिमुकले खड्डे दिसले तर ते मुंग्या पकडण्यासाठी सापळा लावून बसलेल्या एका किड्याच्या अळीचे असतात. हिवाळ्यात हिरवळीत पेन्सिल टोचल्यासारखी भोके दिसली तर डोक्यावर तुरा असलेला हुदहुद पक्षी येऊन गेला, असे खुशाल समजावे.

खाडीकाठच्या बागांना मात्र वेगळा नियम लागतो. गोराई, चारकोप, वर्सोवा, विक्रोळी अशा खारफुटीलगतच्या भागांत बिळाच्या तोंडाशी मातीच्या ढिगाऐवजी चिखलाच्या गोळ्या दिसतात, तळाशी पाणी चमकते आणि भोवती टाचणी टोचल्यासारखे माग असतात. हे खेकड्याचे काम. पावसाळ्यात डोंगराकडच्या बांधांवर, ओहोळांच्या काठी जे मुठे, म्हणजे गोड्या पाण्यातले लहान खेकडे, निघतात त्यांची बिळेही साधारण अशीच. त्यात विष टाकले तर ते थेट पाण्यात जाते. त्या भागात पहाटे कोल्हा दिसला तरी बागेतील खड्ड्यांचा आळ त्याच्यावर घेण्याची घाई करू नये. मुंबईच्या खारफुटीत कोल्हे आहेत हे खरे, पण ते बागेत येतात ते बहुधा उंदीर आणि उघड्यावरचा कचरा यांच्यासाठी.

रानडुक्कर आणि साळिंदर यांचा संशय राष्ट्रीय उद्यान, आरे, मुलुंड किंवा ठाण्याच्या येऊर बाजूला राहणाऱ्यांनीच घ्यावा. रानडुक्कर खड्डा करत नाही, ते नाकाडाने जमीन नांगरते : चार-सहा फुटांचा पट्टा गवतासकट उलथलेला असतो आणि जवळच्या चिखलात दोन खुरांचे ठसे असतात. साळिंदर सुरण, रताळी, अळू उकरून काढते आणि झाडाच्या बुंध्याची साल तळाशी दातांनी सोलते. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एखादा काटा पडलेला सापडला तर वेगळा पुरावा नको. दोघेही रात्री येतात. यांच्यासाठी कुंपणात वीज सोडणे हा गुन्हा आहे आणि त्यात माणसेही मेलेली आहेत. भिंतीचे किंवा कुंपणाचे भगदाड तळापासून बंद करणे आणि ओला कचरा झाकून ठेवणे हाच त्यावरचा उपाय आहे.

घोरपडीचा माग दिसला तर तो ओळखायला सोपा असतो, पाच लांब नखांचे ठसे आणि मधून शेपटीची जाड नागमोडी रेघ. घोरपड १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि मुंगूस, साळिंदर, रानडुक्कर यांनाही याच कायद्याचे संरक्षण असल्यामुळे त्यांना पकडणे, पिंजऱ्यात घालून दुसरीकडे सोडणे किंवा मारणे हे संस्थेच्या समितीच्या अधिकारातले नाही. असा प्राणी अडकला किंवा जखमी दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि पथक येईपर्यंत गर्दी दूर ठेवावी.

सापाविषयी थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण बिळ म्हटले की प्रथम त्याचीच भीती वाटते. आपल्याकडचे नाग किंवा धामण बीळ खणत नाहीत. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण या बाबतीत शब्दशः खरी आहे. घुशीमागे धामण आत जाते, नागही जातो, आणि सोडून दिलेल्या बिळात पावसाळ्यात आसरा घेतो. मुंबईत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आढळतात. म्हणून कोणत्याही बिळात हात घालू नये, काठीने ढोसू नये, आणि कात सापडली किंवा रांगोळीत पायांच्या ठशांशिवाय नुसतीच लाटांसारखी रेघ दिसली तर ते बीळ बुजवण्याचा प्रयत्न न करता वरील क्रमांकावरच कळवावे. बिळे कमी झाली की सापांचे येणेही कमी होते. उलट क्रमाने हे काम होत नाही.

हात न घालण्याचे दुसरे कारण लेप्टोस्पायरोसिस हे आहे. उंदीर-घुशींच्या लघवीतून त्याचे जंतू ओल्या मातीत आणि पाण्यात येतात आणि पायावरच्या साध्या ओरखड्यातून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईने ही साथ अनुभवलेली आहे. बिळांचे काम करताना रबरी हातमोजे आणि गमबूट घालावेत, आणि त्यानंतरच्या दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना मातीत काम केल्याचे आपण होऊन सांगावे.

आता आम्ही काय चुकलो, ते. दुसऱ्या वर्षी समितीने एका खासगी कीडनियंत्रण कंपनीला काम दिले. त्यांच्या माणसाने ओळख वगैरे न करता दिसेल त्या भोकात विषारी वड्या टाकल्या, मुंगसाच्या उथळ खड्ड्यांतसुद्धा. परिणाम असा झाला की एक घूस काकूंच्या स्वयंपाकघराच्या फरशीखाली जाऊन मेली आणि दहा दिवस त्या घरात जेवण गोड लागले नाही. त्याच आठवड्यात नारळाखाली एक गव्हाणी घुबड मरून पडलेले सापडले. ते विषानेच मेले असे मी म्हणू शकत नाही, परंतु ज्या विषाने रक्त गोठणे थांबते ते खाल्लेला उंदीर घुबडाने, मांजराने किंवा धामणीने खाल्ला तर विष पुढे जाते, हे निश्चित आहे. बिळात टाकण्याच्या धुरीच्या गोळ्यांना तर घराजवळ थाराच देऊ नये. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या त्या गोळ्यांतून ओलाव्याने निघणारा वायू बिळांतून आणि भिंतीच्या भेगांतून थेट खोल्यांत शिरतो, त्यावर उतारा नाही, आणि म्हणूनच त्यांचा वापर प्रशिक्षित, अधिकृत व्यक्तींपुरता मर्यादित ठेवलेला आहे.

तिसऱ्या वर्षी आम्ही कामाचा क्रम उलटा केला. प्रथम चेंबर आणि फुटलेली वाहिनी दुरुस्त केली आणि चेंबरच्या झाकणाखाली लोखंडी जाळी बसवली. मग कबुतरांचे दाणे बंद केले; या एका गोष्टीला उरलेल्या सगळ्या कामांपेक्षा जास्त वेळ लागला आणि एका शेजाऱ्याशी बोलणे तुटले. त्यानंतर महापालिकेच्या विभाग कार्यालयाकडे तक्रार दिली. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सुरू झाल्यापासून या शहराला उंदरांची धास्ती आहे आणि महापालिकेच्या कीटकनाशक खात्याकडे मूषक नियंत्रणासाठी स्वतंत्र कर्मचारी असतात. १९१६ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. सोबत आराखडा आणि बोळ्यांची नोंद दिल्यामुळे आलेल्या कर्मचाऱ्यांनी राहती बिळे कोणती हे पुन्हा शोधण्यात वेळ घालवला नाही.

आम्ही स्वतः पिंजरे लावले तेव्हा सुकट आणि कांद्याची भजी यांचा खुराक सर्वांत चांगला चालला. घूस नव्या वस्तूला बिचकते, म्हणून पहिल्या तीन रात्री पिंजऱ्याचे दार बांधून उघडेच ठेवावे आणि खाणे तसेच घालत राहावे, चौथ्या रात्री दार लावावे. पिंजरा भिंतीला लागून, तोंड पायवाटेच्या दिशेने ठेवावा; बागेच्या मधोमध ठेवलेल्या पिंजऱ्यात आमच्याकडे दोन आठवड्यांत फक्त एक चिचुंद्री अडकली आणि तिला सोडून द्यावे लागले. बीळ रिकामे झाल्याची बोळ्याने खात्री करूनच ते खडी आणि सिमेंटच्या मालाने बुजवावे. काचेचे तुकडे भरण्याची जुनी पद्धत बागेत वापरू नये, पुढे त्याच मातीत माळ्याचा हात जातो. हळद आणि अळूच्या वाफ्यांभोवती अर्ध्या इंचाहून लहान छिद्रांची जस्ताचा लेप दिलेली जाळी दोन फूट खोल पुरली आणि तळाशी ती फूटभर बाहेरच्या बाजूला वळवली, म्हणजे घूस उभी खाली उकरत आली तरी तिला आडवी जाळी लागते. वळण आतल्या बाजूला घेतले तर जाळीचा उपयोग होत नाही.

हे सर्व जानेवारी ते मेच्या कोरड्या दिवसांत पुरे करावे. जूनच्या मध्यापर्यंत पाऊस सुरू होतो, बिळांत पाणी भरते, घुशी उंच जागेच्या शोधात जिन्याखाली आणि मीटरच्या खोलीत शिरतात, आणि मग बागेचा प्रश्न इमारतीचा होतो.

गेल्या गणपतीत हिरवळीत मुंगसाचे नऊ खड्डे मोजले, त्याआधीच्या वर्षी ते पन्नासच्या वर होते. ते आम्ही पायाने सारखे करतो आणि पुढे जातो. वाफ्यात नवे बीळ नाही. आराखडा अजून रखवालदाराच्या खोलीत टांगलेला आहे, आणि त्यावरचे अकरापैकी दहा क्रमांक खोडलेले आहेत. सातव्या क्रमांकाच्या बिळातला बोळा मार्चपासून हललेला नाही, परंतु तोंडाशी सापाची कात सापडल्यामुळे त्याला अजून हात लावलेला नाही. वनविभागाचे पथक पाहून गेले की मगच त्यात खडी पडेल.